तानपुरा चढला, पेटी जागेवर: प्लगइनच्या उतरंडीत बिघडलेलं सेटिंग कसं शोधायचं

घरी माझ्या लॅपटॉपवर एका अभंगाचं रेकॉर्डिंग छान झालं होतं. गाणं काळी दोनमध्ये, पेटी काळी दोन, आणि मागे प्लगइनमधला (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरमधला) तानपुरा, तोही काळी दोन. दोन दिवसांनी तोच प्रोजेक्ट तबलजी मित्राकडे जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवर उघडला. आवाज आणि पेटी अगदी जागेवर होती, पण तानपुरा पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या मध्येच कुठेतरी लटकत होता. पहिल्याच आवर्तनाला मित्राने मान वर केली. "अरे, तानपुरा कुणी चढवला?"

कुणीच चढवला नव्हता. प्लगइनची खिडकी उघडली, तर तिथे ठळक अक्षरांत काळी दोनच लिहिलेलं होतं.

घरच्या घरी रेकॉर्डिंग करायला लागलेल्या प्रत्येकाला आज ना उद्या असा प्रसंग येतोच. पडदा एक सांगतो आणि कानाला दुसरंच ऐकू येतं. काल ठेवलेलं सेटिंग आज दिसत नाही, किंवा दिसतं पण लागू होत नाही. अशा वेळी घाबरून दिसेल ते बटण फिरवलं की मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्यावर आपण केलेल्या चार नव्या बिघाडांची भर पडते. म्हणून शोधायची एक रीत असावी लागते. मी जी वापरतो ती इथे पायरीपायरीने लिहितो आहे. उदाहरणं रीपर या सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण नव्याने शिकणारे बरेच जण त्यापासूनच सुरुवात करतात. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असलं, तर नावं बदलतील, जागा साधारण त्याच असतील.

आधी उतरंड ओळखा

जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची. सगळ्यात मोठं मडकं तळाला, त्यावर त्याहून लहान, असं थेट वरपर्यंत. तळातलं धान्य हवं असेल तर वरची मडकी एकेक करून उतरवावी लागत. आपल्या कॉम्प्युटरमधला आवाजही असाच एकावर एक रचलेल्या थरांतून जातो. तळाला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण, आणि त्याचं अंतर्गत घड्याळ. त्यावर ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण कॉम्प्युटरशी बोलतं करणारं सॉफ्टवेअर. त्यावर विंडोज किंवा मॅकची स्वतःची साउंड सेटिंग्ज. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची सर्वसाधारण सेटिंग्ज, मग त्या एका प्रोजेक्टची, मग ट्रॅकची, आणि सगळ्यात वर ट्रॅकवर ओळीने लावलेली प्लगइन्स. प्लगइनच्या पोटातही पुन्हा थर आहेत: त्याचा प्रीसेट (जपून ठेवलेली बटणांची मांडणी), त्यावर काढलेलं ऑटोमेशन (गाणं चालू असताना बटण आपोआप फिरवणारी रेघ), आणि सगळ्या प्रोजेक्टना एकदमच लागू होणारी त्या प्लगइनची सामाईक सेटिंग्ज.

घोळ होतो तो इथेच. 'सॅम्पल रेट', म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा. हे एकच नाव या उतरंडीत निदान पाच ठिकाणी भेटतं. पाचही ठिकाणी एकच आकडा असेल तोवर कुणाच्या काही लक्षात येत नाही. एका ठिकाणी वेगळा झाला, की त्या दोघांतल्या सांध्यावर आवाज बिघडतो.

माझ्या तानपुऱ्याचं तेच झालं होतं. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट मी पक्का केलाच नव्हता, त्यामुळे तो इंटरफेसचा आकडा उचलत होता. माझ्या घरी इंटरफेस ४४,१०० वर होता, मित्राकडे ४८,००० वर. आवाज आणि पेटीच्या फाइल्स सॉफ्टवेअरने स्वतःहून नव्या रेटला बदलून घेतल्या, म्हणून त्या जागेवर राहिल्या. तानपुऱ्याच्या प्लगइनने मात्र आपल्या पोटातले ४४,१०० चे नमुने न बदलता सेकंदाला ४८,००० या वेगाने ओतले. ४८,००० ला ४४,१०० ने भागलं तर १.०८८ येतात. म्हणजे स्वर जवळजवळ दीड पट्टी वर गेला. काळी दोनच्या पुढची पट्टी पांढरी तीन, तिच्या पुढची पांढरी चार, आणि तानपुरा बरोबर त्या दोघींच्या मधोमध. चांगलं बनवलेलं प्लगइन हा बदल आतल्या आत करून घेतं. हे घेत नव्हतं.

हा दीड पट्टीचा फरक कानात पक्का बसवून घ्या. स्वर एवढाच चढला किंवा उतरला असेल, तर बहुतेक वेळा दोष ४४,१०० आणि ४८,००० च्या भांडणाचा असतो. उलट दिशेने झालं, म्हणजे ४८,००० ची फाइल कुणी ४४,१०० समजून वाजवली, तर स्वर तेवढाच उतरतो आणि दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग १० मिनिटं ५३ सेकंद चालतं.

हे दोन आकडे मुळात आले कुठून, तेही सांगतो. डिजिटल आवाज सुरुवातीच्या काळात व्हिडिओ टेपवर साठवत. तिथे चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने बसत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० फील्ड. गुणाकार करून पाहा, दोन्हीकडे ४४,१०० च येतात. तोच आकडा पुढे सीडीने घेतला, आणि व्हिडिओच्या कामात ४८,००० रुळला. म्हणून गाणी करणाऱ्याचं यंत्र बहुधा ४४,१०० वर सापडतं आणि व्हिडिओ करणाऱ्याचं ४८,००० वर. दोन मित्र एकत्र काम करायला बसले, की हे दोन आकडेही समोरासमोर येतात.

पायरी १: हात मागे घ्या आणि एक वाक्य लिहा

काहीही बदलण्याआधी प्रोजेक्ट नव्या नावाने सेव्ह करा, ऑडिओ फाइल्सची प्रतही त्याच फोल्डरमध्ये घ्या. रीपरमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना खाली मीडिया कॉपी करण्याची चौकट असते, तिथे टिक करा. आता शोध या प्रतीवर घ्यायचा, मूळ प्रोजेक्टला हात लावायचा नाही.

मग एका वाक्यात लिहा: कुठला आवाज, कधी, कसा बिघडतो. "आवाज खराब येतोय" या वाक्यावरून काहीच शोधता येत नाही. "फक्त तानपुरा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच, दीड पट्टी वर" या वाक्याने अर्धं काम झालेलं असतं. स्वर किंवा वेग बिघडला असेल तर सॅम्पल रेट बघायचा. आवाज पोकळ, डबा वाजवल्यासारखा किंवा मागे पडलेला वाटत असेल तर लेटन्सी, म्हणजे वाटेत होणारा उशीर. पट्टी आणि ताल ठीक, पण आवाजाचा पोत किंवा मोठेपणा वेगळा असेल तर लेव्हल, ऑटोमेशन आणि ओव्हरसॅम्पलिंग (प्लगइनने आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं). आणि प्रोजेक्ट बंद करून उघडल्यावरच बिघडत असेल, तर सेटिंग साठवलं कुठे जातं हा प्रश्न. त्यासाठी पायरी ५ आहे.

पायरी २: तळाची मडकी आधी

वरची प्लगइन्स डोळ्यांसमोर असतात म्हणून आपण शोध तिथून सुरू करतो. मी तळापासून सुरू करायला सांगेन, कारण तिथे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि तळ डळमळीत असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

इंटरफेसचं कंट्रोल पॅनल उघडा आणि आकडा लिहून घ्या. विंडोजमध्ये साउंड सेटिंग्जमधून त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर डीफॉल्ट फॉरमॅट दिसेल, तो लिहा. मॅकवर हीच माहिती ऑडिओ मिडी सेटअपमध्ये मिळते. मग रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइसचं पान उघडा. शेवटी ऑल्ट आणि एंटर एकदम दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा आणि तिथे प्रोजेक्ट सॅम्पल रेटच्या चौकटीत टिक आहे का ते पाहा. टिक नसेल तर प्रोजेक्ट उपकरणामागे फरफटत जातो. ही एक टिक मी केली असती तर तानपुरा चढला नसता.

एसिओ (विंडोजवर रेकॉर्डिंगसाठीचा खास) ड्रायव्हर वापरत असाल तर तुमचा आवाज विंडोजच्या मिक्सरमधून जातच नाही. तरीही विंडोजचा आकडा जुळवून ठेवा. काही इंटरफेसना एकच घड्याळ असतं, आणि ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ सुरू झाला की तो आपल्या सोयीचा रेट मागतो. रेकॉर्डिंग चालू असताना ब्राउझर बंद ठेवावा, हे मी याच कारणासाठी सांगतो.

एसिओ नसेल, लॅपटॉपच्या साध्या साउंडवरच काम चालू असेल, तर आणखी दोन ठिकाणं बघावी लागतात. विंडोजच्या साउंड पॅनलमध्ये कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झालाय असं विंडोजला वाटलं, की इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं सेटिंग तिथे मुळातच चालू असतं. मीटिंगचं अ‍ॅप मागे उघडं राहिलं आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा आवाज अचानक दबला, तर दोष तिथला. तिथे 'डू नथिंग' निवडा. दुसरं ठिकाण म्हणजे एन्हान्समेंट्स. त्या सगळ्या बंद करा, नाहीतर तुमच्या ईक्यूनंतर (आवाजातला जाड-बारीकपणा कमीजास्त करणाऱ्या प्लगइननंतर) विंडोज आपला ईक्यू लावत बसतं आणि तुम्ही चूक नसलेल्या प्लगइनला दोष देता.

ब्लूटूथ हेडफोनवर मिक्सिंग करू नका. त्याचा माइक चालू झाला की बहुतेक हेडसेट फोन कॉलच्या पद्धतीवर जातात, तिथे सॅम्पल रेट ८,००० किंवा १६,००० पर्यंत खाली येतो आणि सगळं टेलिफोनवरून ऐकल्यासारखं होतं. नवीन मुलं मला पाठवतात त्या तक्रारींत ही एक नेहमीची असते, आणि त्या बिचाऱ्यांनी तोवर तीन ईक्यू बदललेले असतात.

पायरी ३: ओळखीचा आवाज पाठवा

गाणं वाजवून लेव्हल तपासता येत नाही, कारण गाण्याची लेव्हल क्षणाक्षणाला हलते. त्यासाठी एक स्थिर आवाज हवा. रिकाम्या ट्रॅकवर टोन जनरेटर लावा, १,००० हर्ट्झचा साधा साइन सूर, लेव्हल उणे १८ डेसिबल. हा ट्रॅक बिघडलेल्या ट्रॅकच्या प्लगइन साखळीत पाठवा आणि एकेका प्लगइननंतर मीटर किती दाखवतो ते कागदावर लिहा.

यातून काय सापडतं याचं एक उदाहरण जवळून पाहू. ट्रॅकवर आधी ईक्यू आहे, मग कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं प्लगइन. कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड (ज्याच्या वर तो दाबायला लागतो ती पातळी) उणे २०, रेशो चारास एक, म्हणजे त्या पातळीवरच्या दर ४ डेसिबलमागे १ च पुढे जातो. उणे १८ चा सूर आला तर तो थ्रेशोल्डच्या २ डेसिबल वर आहे, त्यामुळे कॉम्प्रेसर त्याला दीड डेसिबल दाबेल. आता कुणीतरी ईक्यूचा आउटपुट ६ डेसिबल वाढवला. सूर उणे १२ वर पोचला, थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर, आणि कॉम्प्रेसर त्याला ६ डेसिबल दाबतो. कॉम्प्रेसरचं एकही बटण हललेलं नाही, पडद्यावर आकडे तेच, आणि आवाजाचा जीव मात्र गेला. तुम्ही कॉम्प्रेसरच्या खिडकीत कितीही वेळ बघत बसलात तरी ते तिथे दिसणार नाही. दोष एक मडकं खाली आहे.

रीपरमध्ये याचंच एक भावंड आहे. आयटमवरचा (ट्रॅकवर ठेवलेल्या आवाजाच्या तुकड्यावरचा) व्हॉल्यूम प्लगइन्सच्या आधी लागतो, ट्रॅकचा फेडर प्लगइन्सच्या नंतर. आवाज थोडा वाढवावा म्हणून आयटमचा व्हॉल्यूम ओढला, तर पुढच्या कॉम्प्रेसरचं सगळं गणित बदलतं. फेडर ओढला तर बदलत नाही. दोन्हींवर लिहिलेलं असतं व्हॉल्यूमच.

पायरी ४: साखळी अर्धी करा

ट्रॅकवर आठ प्लगइन्स असतील तर एकेक बंद करून बघू नका. शेवटची चार एकदम बंद करा. बिघाड गेला तर तो त्या चारांत, राहिला तर पहिल्या चारांत. त्या चारांतली पुन्हा दोन बंद करा. आठातला दोषी तीन फेऱ्यांत हाती लागतो.

मात्र 'बंद' करण्याचे प्रकार वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवा. प्लगइनच्या स्वतःच्या खिडकीतलं बायपास बटण दाबलं तर प्लगइन चालूच असतं, फक्त आवाज न बदलता पुढे सोडतं, आणि त्याची लेटन्सी बहुधा तशीच राहते. सॉफ्टवेअरच्या यादीतली टिक काढली तर सॉफ्टवेअर त्याला वळसा घालतं. रीपरमधलं 'ऑफलाइन' केलं तर प्लगइन मेमरीतूनच उतरतं. बायपास केल्यावर बिघाड राहतो पण ऑफलाइन केल्यावर जातो, असं आढळलं तर संशय लेटन्सीवर घ्या.

पायरी ५: सेटिंग राहतं कुठे?

या सगळ्यात मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि कुणी शिकवत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही प्लगइनमध्ये एखादं बटण फिरवता तेव्हा तो आकडा कुठेतरी लिहिला जातो. कधी तुमच्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये. कधी प्लगइनच्या सामाईक सेटिंग्जमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या बाहेर, त्या कॉम्प्युटरवर. कधी कुठेच नाही, फक्त खिडकी उघडी असेपर्यंत. कुठलं बटण कुठे राहतं हे त्याच्याकडे बघून कळत नाही, पण अर्ध्या तासात काढता येतं.

ज्या बटणावर संशय आहे त्याला एक विचित्र आकडा द्या, जो दुसऱ्या कुणी चुकूनही ठेवला नसता. मी ३७ देतो. प्रोजेक्ट सेव्ह करा, सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा. ३७ दिसले नाहीत तर ते बटण कुठेच साठवलं जात नाही, किंवा दुसरं कुणीतरी त्यावर लिहितंय. दिसले तर आता नवा कोरा प्रोजेक्ट उघडून त्यात तेच प्लगइन नव्याने लावा. तिथेही ३७ दिसले, तर सेटिंग प्रोजेक्टमध्ये नाही, त्या कॉम्प्युटरवर सामाईक आहे. म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते तुमच्यासोबत जाणार नाही. कोऱ्या प्रोजेक्टमध्ये ३७ नसतील तर ते प्रोजेक्टमध्येच आहे आणि सोबत प्रवास करेल.

ओव्हरसॅम्पलिंगच्या बाबतीत हे हटकून अनुभवाला येतं. काही प्लगइन्समध्ये ते प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळं ठेवता येतं, काहींत ते सामाईक असतं, आणि काहींत ऐकताना एक व रेंडर करताना (तयार फाइल काढताना) दुसरं अशी दोन वेगळी खाती असतात. शेवटच्या प्रकारात तुम्ही ऐकत असता एक आवाज आणि फाइल निघते दुसऱ्या आवाजाची. डिस्टॉर्शन किंवा लिमिटरमध्ये हा फरक स्पष्ट ऐकू येतो.

बटण फिरवलं आणि प्ले दाबताच ते आपोआप मागे फिरलं, तर प्लगइन नादुरुस्त आहे असं समजू नका. त्या बटणावर ऑटोमेशनची रेघ काढलेली असते आणि ट्रॅक ती वाचतो आहे. हाताने दिलेला आकडा आणि रेघ यांत जिंकते रेघ. ती रेघ लपवलेली असेल तर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून ट्रॅकचे सगळे एन्व्हलप, म्हणजे अशा रेघा, दाखवायला सांगा आणि बघा. मिडी कीबोर्डचा एखादा नॉब चुकून त्या बटणाला जोडला गेला असेल, तरी हेच घडतं.

रीपरवाल्यांना आणखी एक सोय आहे. रीपरची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. दोन कॉम्प्युटरवर सेव्ह केलेल्या दोन फाइल्स शेजारी शेजारी उघडा आणि सॅम्पल रेटची ओळ, प्लगइन्सची नावं ताडून पाहा. प्लगइनच्या आतलं वर्णन मात्र वाचता न येणाऱ्या अक्षरांत साठवलेलं असतं, तिकडे जाऊ नका. आणि ही फाइल फक्त वाचा, नोटपॅडमधून सेव्ह करू नका.

पायरी ६: एकाच नावाचे दोघे

प्लगइनचं नाव तेच, पण आत निराळं, असंही होतं. व्हीएसटी ही प्लगइन बनवण्याची पद्धत १९९६ साली आली, तिची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये. तिसऱ्या आवृत्तीच्या प्लगइनना विंडोजवर ठरलेली जागा आहे: प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समधलं व्हीएसटी-थ्री हे फोल्डर. दुसऱ्या आवृत्तीला अशी पक्की जागा नव्हती, प्रत्येक इन्स्टॉलर आपल्या मनाने कुठेही ठेवत असे. त्यामुळे एकाच कॉम्प्युटरवर एकाच प्लगइनच्या दोन-तीन प्रती सापडतात, एक जुनी, एक नवी.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या आवृत्तीचं प्लगइन आहे आणि मित्राकडे फक्त तिसऱ्या आवृत्तीचं, तर सॉफ्टवेअरला ते सापडत नाही, किंवा सापडलं तरी ऑटोमेशनच्या रेघा जुळतीलच असं नाही. दोन्हीकडे प्लगइनच्या 'अबाउट' खिडकीतला आवृत्तीचा पूर्ण आकडा वाचा, पहिलाच नाही, शेवटच्या टिंबापर्यंत. वेगळा निघाला तर आधी दोन्हीकडे एकच आवृत्ती टाका आणि मग पुढचा शोध घ्या. चालू असलेल्या कामाच्या मध्येच प्लगइन अपडेट करणं मी टाळतो. अल्बम संपला की करतो.

पायरी ७: लेटन्सी, जेव्हा डग्गा पातळ होतो

काही प्लगइन्सना पुढचा आवाज आधी ऐकून काम करावं लागतं. लिमिटरचं लुकअहेड, लिनिअर फेज ईक्यू ही त्यातली नेहमीची उदाहरणं. ती आवाज उशिरा सोडतात आणि किती उशीर होईल ते सॉफ्टवेअरला कळवतात. सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढेच थांबवून सगळं एका रेषेत आणतं. प्लगइनने आकडा चुकीचा कळवला, किंवा कळवलाच नाही, तर सांधा निसटतो.

एकट्या ट्रॅकवर हे कळतही नाही. तोच आवाज दोन वाटांनी येत असेल तेव्हा कळतं. तबल्याचा एक ट्रॅक सरळ आणि त्याचीच कॉम्प्रेस केलेली प्रत शेजारच्या ट्रॅकवर, असं आपण करतो. त्या प्रतीला फक्त १ मिलिसेकंद उशीर झाला, म्हणजे ४८,००० वर अवघे ४८ नमुने, तर दोन्ही मिळून ५०० हर्ट्झवर एकमेकांना खातात, मग १,५०० वर, २,५०० वर, असं पुढे. चाटीची धार जाते, आवाज नळीतून आल्यासारखा होतो. उशीर जास्त झाला तर हा खड्डा खाली सरकतो आणि डग्ग्याची घुमारीच नाहीशी होते. लोक मग डग्ग्याला ईक्यूने फुगवतात, आणि तरी तो भरत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. दोन्ही ट्रॅकवर एकच टिचकीसारखा आवाज ठेवा, दोन्ही वेगवेगळे रेंडर करा आणि निघालेल्या लाटा झूम करून एकाखाली एक बघा. टोकं जुळत नसतील तर किती नमुन्यांनी सरकली ते मोजा. रीपरमध्ये एफएक्स खिडकीच्या खालच्या कडेला साखळीची एकूण लेटन्सी नमुन्यांत लिहिलेली असते, तिच्याशी हा आकडा ताडून पाहा.

रेकॉर्डिंग करताना मास्टर ट्रॅकवर लुकअहेडचा लिमिटर ठेवू नका. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो आणि तो लयीत मागे रेलू लागतो. बफरचंही (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो त्या नमुन्यांच्या गठ्ठ्याचंही) तसंच: ४८,००० वर ५१२ चा बफर म्हणजे १०.७ मिलिसेकंद, ६४ चा म्हणजे १.३. रेकॉर्डिंगला लहान, मिक्सिंगला मोठा.

पायरी ८: वजाबाकीने पडताळा

सगळं दुरुस्त झालंय असं वाटलं की कानावर विसंबू नका, वजाबाकी करा. दोन्ही कॉम्प्युटरवर तोच भाग एकाच सॅम्पल रेटने रेंडर करा. दोन्ही फाइल्स एका नव्या प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक ठेवा आणि एका ट्रॅकचं फेज उलटवण्याचं, म्हणजे लाट उलटी करण्याचं, बटण दाबा. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर पूर्ण शांतता. फेज न उलटवता वाजवल्यावर लेव्हल ६ डेसिबलने वाढते का तेही बघून घ्या, म्हणजे दोन्ही ट्रॅक खरंच वाजतायत याची खात्री होते.

शांतता नसेल तर जे उरलंय ते ऐका, तेच वाट दाखवतं. गाणं तसंच पण अगदी बारीक ऐकू येतंय, तर फक्त लेव्हलचा फरक आहे: ०.१ डेसिबलचा फरकसुद्धा मूळ आवाजाच्या सुमारे ३९ डेसिबल खाली शिल्लक ठेवतो. फक्त वरची सळसळ उरली तर ओव्हरसॅम्पलिंग किंवा रेट बदलण्याची गुणवत्ता. सुरुवातीला शांत आणि हळूहळू वाढत गेलं तर सॅम्पल रेट.

एक सावधगिरी. कोरस, टेप किंवा जुन्या यंत्रांची नक्कल करणारी प्लगइन्स, काही रिव्हर्ब, यांत जाणूनबुजून यदृच्छा, म्हणजे दर वेळी होणारा थोडा बदल, घातलेली असते. ती एकाच कॉम्प्युटरवर दोनदा रेंडर केली तरी शून्य होत नाहीत. म्हणून आधी आपल्याच यंत्रावरची दोन रेंडर एकमेकांतून वजा करून बघा. तीच शून्य होत नसतील तर ते प्लगइन बंद ठेवून बाकीच्यांची परीक्षा घ्या.

प्रोजेक्टसोबत काय पाठवायचं

रीपरमध्ये प्रोजेक्ट नोट्सची जागा आहे. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मी तिथे लिहितो: सॅम्पल रेट, इंटरफेसवरचा आकडा, गाण्याची पट्टी आणि लय, प्रत्येक प्लगइनची आवृत्ती, आणि पायरी ५ मध्ये सामाईक निघालेली सेटिंग्ज. दहा ओळींच्या वर जात नाही.

त्या दिवशी मित्राकडे आम्ही प्रोजेक्टचा रेट ४४,१०० वर पक्का केला, त्याचा इंटरफेसही तिथे आणला, आणि तानपुरा काळी दोनवर उतरला. घरी आल्यावर मी तानपुऱ्याचा ट्रॅक फ्रीझ केला. फ्रीझ केलं की प्लगइनचा आवाज साध्या ऑडिओ फाइलमध्ये बदलतो आणि प्लगइन बाजूला जपून ठेवलं जातं, हवं तेव्हा अनफ्रीझ करून पट्टी बदलता येते. आता तो तानपुरा पेटीसारखीच एक फाइल आहे. पुढच्या रविवारी मित्राने मुद्दाम इंटरफेस ४८,००० वर ठेवून प्रोजेक्ट उघडला, पेटी घेऊन शेजारी बसला आणि काळी दोनचा सा दाबून धरला. तानपुरा त्याच्यावर बसला होता.